एकांत शिबिरातला लाऊडस्पीकर

मला देवाशी भांडायचं होतं. एकटीनं, दार लावून. एवढ्यासाठी अकोल्याहून पार चांदूर बाजारपर्यंत जावं लागलं, यातच काय ते समजा.

माय जाऊन सहा महिने होत आले. चर्चच्या सतरंज्या झटकण्यापासून नाताळच्या करंज्यांपर्यंत जिनं जन्मभर सगळं केलं, ती शेवटी कळवळून कळवळून गेली. आणि मला 'काहून रे देवा?' एवढं विचारायलाही सवड नाही! संडे स्कूल माझ्याकडे, गायनमंडळ माझ्याकडे, भगिनी मंडळाचा चहासुद्धा माझ्याकडे. सकाळी प्रार्थनेला डोळे मिटले की फोन वाजतो, आणि आमचे हे तो इमानदारीनं आणून माझ्या कानाला लावतात. "पाळकसाहेब हायेत, घे." म्हणून 'दोन दिवसांचं एकांत शिबिर' असं जाहीर झाल्याबरोबर मी नाव दिलं. मी शिकवते त्या शाळेला दिवाळीची सुट्टी होतीच.

अकोला स्टँडवरून सकाळची अमरावती गाडी धरली. बायकांना तिकीट अर्धं आहे, खिडकीसाठी मारामारी मात्र पूर्ण. मूर्तिजापूरला आलुबोंडा जरूर खा, चहा घेऊ नका, नुसता पाक असतो. अमरावतीत गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढची गाडी पकडू नका. चटणीनं माझ्या नाकातून पाणी काढलं, पण जिवाला बरं वाटलं.

चांदूर बाजारहून ऑटो केला. भाडं आधी ठरवून घ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, फळं नुकती रंगावर आलेली. मनात म्हटलं, इथं होईल बोलणं.

कशाचं काय! शिबिराच्या हॉलच्या दारातच दोन भलेमोठे स्पीकर. भजन, संदेश, गटचर्चा, पुन्हा संदेश. मग खेळ. अहो, पन्नाशीच्या बायकांना संगीत खुर्ची! संध्याकाळी एकदाची 'शांत वेळ' आली, तर तीसुद्धा माइकवर. एक भाऊ कीबोर्ड वाजवतोय आणि दुसरा भाऊ कानात ओरडतोय, "आता शांत व्हा... आता प्रभूला सांगा... आता आभार माना..."

अरे बाबा, तू गप्प बसशील तर सांगू ना!

जेवणाला नावं ठेवणार नाही. वांग्याची भाजी फर्मास होती. पण रागात दोन पोळ्या जास्त गेल्या आणि रात्रभर जळजळ झाली.

दुसऱ्या दिवशी तोच माइकवाला भाऊ हसत हसत आला. "ताई, तुमचा आवाज गोड आहे. आजची शांत वेळ तुम्हीच घ्या."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी माइक घेतला. "शांत वेळ सुरू," म्हटलं, स्पीकरचं बटण बंद केलं आणि हॉलबाहेर पडले. मागून "ताई! ओ ताई!" अशा हाका आल्या, मी वळलेसुद्धा नाही.

हॉलमागच्या संत्र्याच्या बागेत, शेवटच्या रांगेत जाऊन थांबले. चर्चमध्ये मी 'हे प्रेमळ स्वर्गीय पित्या' अशी सुरुवात करते. इथं भलतंच बाहेर पडलं. "काहून नेलं माझ्या मायले असं? तुझ्याच दाराचे उंबरे झिजवले ना तिनं? एक रात्र तरी तिले सुखाची झोप द्यायची होती! तुले काहीच कसं वाटलं नाही?" देवाशी घरच्या बोलीत मी जन्मात पहिल्यांदा बोलले. ढसाढसा रडले.

संत्री तोडणारी एक बाई टोपली घेऊन पुढ्यात उभी राहिली. "कोनाशी भांडून राहिली व माय?"

"देवाशी."

तिनं मला खालीवर पाहिलं. "मंग भांड. पन त्या झाडाले टेकू नको, कालच बोर्डो लावला."

झाडाच्या बुंध्याला लावायचं ते निळसर औषध माझ्या पाठभर लागलं होतं. ती निघून गेली. मी मात्र पोटातलं सगळं संपेपर्यंत बोलत राहिले. उत्तर आलं का? नाही. चकार शब्द नाही. पण समोरून कोणी उठूनही गेलं नाही, एवढं मला कळलं. त्याच निळ्या पाठीनं एसटीत बसून घरी आले.

ओढणीचा डाग दोनदा धुऊनही तसाच आहे. पाळकसाहेब म्हणाले, रविवारी सगळ्यांपुढे शिबिरातल्या अनुभवाची साक्ष द्या. मी नाही म्हटलं. गायनमंडळ आणि चहा दोन्ही परत केले, संडे स्कूल तेवढं ठेवलं. ते नाराज आहेत. असोत. सकाळी खोलीला आतून कडी लावते आणि बोलते. राग अजून गेलेला नाही, रोज देवालाच सांगते.

काल कडी लावून बसले आणि फोन वाजलाच. झालं, आता हे दार ठोठावणार, म्हणून मी दातओठ खात उठले.

बाहेरून यांचा आवाज आला, "नाही साहेब, आता नाही देता येत. ती देवाशी भांडून राहिली."