दार फिरेल

कुणाच्याही घरी गेली की ती आधी जमिनीवर पालथी व्हायची. सोफा असो, पलंग असो, मोबाइलचा टॉर्च मारून खालून बघायची. घरची माणसं कावरीबावरी व्हायची. तिचं मात्र एकच, "वरून काय, सगळंच झकास दिसतं. खाली काय केलंय ते बोल!"

भांडुपला राहणारी ही बाई लाकूडकामाची कंत्राटं घ्यायची. आवाज खणखणीत आणि स्वतःचं कौतुक स्वतःच करायची सवय. अशी माणसं तुम्हालाही भेटली असतील. त्यांतली बरीचशी बोलण्यातच संपतात, ही तशी नव्हती.

आमच्या मुलुंडच्या घराला छोटी गच्ची आहे. दारातून तिथे उतरायला एक पायरी होती. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, हातात काठी आली आणि त्या एका पायरीपायी गच्ची सुटली. कुंड्या त्यांनीच लावलेल्या, पण कुणी हात धरून नेलेलं त्यांना खपायचं नाही. दिवसभर खिडकीतून बघत बसायचे. माझा जीव तुटायचा. म्हणून गच्चीवर दाराच्या पातळीला लाकडी फळ्यांचा डेक करायचं ठरवलं आणि तिला बोलावलं.

आल्या आल्या तिने बाबांची काठी मागितली आणि उलटी करून टोकाचं रबर बघितलं.

"काका, फळ्यांमध्ये फट ठेवणार मी. पाणी खाली गेलं पाहिजे, लाकूड फुगलं तर त्याला जागा पाहिजे. पण तुमची काठी अडकली ना, तर माझं नाव बदला."

फट त्या रबरापेक्षा बारीक ठेवली. सांगाडा रबरी तुकड्यांवर उभा केला, गळती नको म्हणून गच्चीला एकही भोक पाडलं नाही. गंजणारा एखादा स्क्रू दिसला तर कारागिरांची खैर नसायची.

कामासाठी दार काढून ठेवलं होतं. डेक पुरा झाल्यावर ते परत बसवलं. ती ऐटीत म्हणाली, "काका, या!" मी दार ढकललं. ते बाहेर उघडणारं. नव्या फळ्यांवर घासलं आणि अडलं.

तिने वाकून दाराखाली बघितलं. मग खो खो हसत सुटली. "आयला, माझीच वाट लागली! सगळं खालून बघितलं, दार कुठे उघडतं ते नाही बघितलं."

मी म्हटलं, "डेक थोडा खाली घेऊ या का?"

"म्हणजे परत पायरी? नाही यार. डेक हलणार नाही. दार फिरेल."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः बिजागऱ्या बदलून दार आत उघडणारं केलं. आमचा फ्रिज त्यासाठी कोपऱ्यातून हलवावा लागला.

बाबा उठले. सवयीने मी हात पुढे केला.

"हात खाली घे गं," ती माझ्यावर ओरडली. "त्यांचं त्यांना जाऊ दे."

बाबा एकटे गेले, कढीपत्त्यापाशी थांबले, एक सुकलेलं पान खुडलं. एवढी बडबडी बाई, पण त्या दिवशी स्वतःच्या कामाबद्दल चकार शब्द बोलली नाही. डोळे पुसले आणि चहा मागितला. पुढे ती कामाशिवायही यायची, बाबांशी बाहेर गप्पा मारत बसायची. मला ती फार आवडायची.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. फोन मीच घेतला. बाबांना सांगितलं. ते उठले. काठी घेऊन एकटेच बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. खिडकीच्या काचेतून त्यांचे हलणारे खांदे दिसत होते. मी आतच थांबले.