गार पाण्यातला रंग

चहाचं दुकान कितीही झाडा, कोपऱ्यात भुकटी साठतेच. किश्श्यांचंही तसंच. भोरच्या बाजारपेठेत सासऱ्यांनी सुरू केलेलं सुट्ट्या चहाचं दुकान मी चालवते. चार मैत्रिणी जमल्या की हमखास फर्माईश होते, "सांग गं तुझ्या गिऱ्हाइकांचं!" मी सांगते, त्या हसतात. हसा बायांनो! पण यातला एकही किस्सा घडताना मला हसू आलं नव्हतं. डोकंच फिरलं होतं.

मुळात लोकांना वाटतं, चहा म्हणजे चहा, त्यात काय निवडायचंय? मग मी एवढे डबे काय शोभेला मांडलेत? डस्ट म्हणजे बारीक भुकटी, ती रंगाला आणि कडकपणाला. ममरी म्हणजे गोल दाणे, ती चवीला. पत्ती म्हणजे लांबट तुकडे, ती वासाला. घरात म्हशीचं दूध असेल तर डस्ट जरा सढळ हाताने घालायची, गाईचं असेल तर ममरी वाढवायची. आणि वरच्या फळीवर दार्जिलिंगची अख्खी पानं, ती दुधात घालायचीच नाहीत. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला मी आधी विचारते, "दूध कुठलं? किती वेळ उकळता?" तर लोकांना वाटतं, बाई फार भोचक आहे!

* * *

इथल्या धरणाकाठी बंगला बांधलेले एक पुण्याचे साहेब आले. दुकानात शिरल्या शिरल्या म्हणाले, "तुमच्याकडे बेस्ट काय असेल ते द्या."

बेस्ट! अहो, कशासाठी बेस्ट? पण त्यांचं बोट थेट वरच्या फळीवर गेलं. मी पानं दिली आणि बजावलं, "पाण्याला उकळी आली की गॅस बंद. मग पानं टाका, झाकण ठेवा, थोड्या वेळाने गाळा. दूध, साखर काही नाही." साहेब मान डोलावत होते आणि मोबाईल बघत होते.

पुढच्या रविवारी परत हजर. "मॅडम, काय दिलंत हे? रंग नाही, चव नाही!"

"केलात कसा?"

"नेहमीसारखा. आलं, वेलची, साखर, फुल क्रीम दूध. अर्धा तास उकळला, तरी पांढराच!"

"मग बासुंदी झाली असेल ती. चहाचं मला कशाला विचारता?"

साहेब मोठ्याने हसले. "रागावू नका हो. आता तो रंगवाला द्या."

रंगवाला! त्या दिवसापासून हा शब्द ऐकला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

* * *

आमच्या गल्लीतल्या सुनंदाताईंना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. कुणीतरी डोक्यात भरवलं, ग्रीन टी घ्या. मी चांगल्यातला दिला, कसा करायचा तेही सांगितलं. संध्याकाळी ताईंचा फोन, "अगं, कच्चाच दिलास की! हिरवागार आहे सगळा."

"ताई, तो हिरवाच असतो. म्हणून तर ग्रीन टी म्हणतात!"

"असू दे, असू दे, मी केलाय बंदोबस्त."

दुसऱ्या दिवशी बाई थर्मास घेऊन दुकानात. बंदोबस्त म्हणजे काय, तर नाचणी भाजतात तसा तो चहा कढईत घालून मंद आचेवर खमंग भाजला होता! पार तपकिरी! "आता कसा चहासारखा दिसतोय बघ," म्हणाल्या आणि कप माझ्या हातात दिला.

एवढा चांगला माल! माझ्या जिवाचा नुसता तळतळाट झाला. दात-ओठ खात एक घोट घेतला, तर बरा लागला की हो! याचा मला जास्त राग आला.

* * *

आता पालीच्या बबनचं ऐका. राजगडाच्या पायथ्याला त्याची टपरी. शनिवार-रविवार गडावर जाणाऱ्या पोरांची झुंबड असते. त्याच्या वडिलांनी ती सुरू केली तेव्हापासून तिथे आमच्याच दुकानातलं मिश्रण जायचं. आमचं दुकान असल्या टपऱ्यांवरच चालतं, घरगुती गिऱ्हाईक ते किती?

तर हा बबन यायचाच बंद झाला. एकदा बाजाराच्या दिवशी समोरून निघाला, तेव्हा हाक मारून आत घेतला. "काय रे, चहा सोडलास का?"

"न्हाई वैनी, आता टेम्पोवाला दारात आनून देतोय. सस्तात बी हाय आन कलर बी लई."

बबनच्या पिशवीत त्या टेम्पोवाल्याची एक पुडी होती. मी काचेच्या ग्लासात गार पाणी घेतलं आणि त्यातली चिमूटभर पावडर वरून सोडली. ती तळाला जायच्या आत लाल रेघा ओघळायला लागल्या. बघता बघता ग्लास लालभडक!

"बघितलंस? चांगली पावडर गार पाण्यात असा रंग सोडत नाही. हा चहाचा रंग नाही बाबा, वरून चोपडलेला आहे. लोकांच्या पोटात घालतोस हे?"

बबनने ग्लास उचलला, उजेडाकडे धरला. चेहऱ्यावर नुसतं कौतुक! "आयशप्पत वैनी! गार पान्यात बी एवढा कलर? तुमची उकळून उकळून बी अशी व्हत न्हाई. ग्यास किती वाचंल!"

ग्लास त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. तो हसत हसत गेलासुद्धा.

* * *

बबनमागोमाग एकेक टपरी गेली. सगळ्यांच्या तोंडी एकच, कलर. आता आमचे हे. स्वभावाने गरीब माणूस. पुढ्यात आलेला चहा यांनी आयुष्यात कधी सोडला नाही. गार असो, गोडमिट्ट असो, कुणाच्याही घरचा असो, शेवटच्या थेंबापर्यंत संपवणार. म्हणे, नाही म्हटलं की करणारीचा अपमान होतो.

तर हा गरीब माणूस एक दिवस त्या टेम्पोवाल्याकडून नमुन्याची पिशवी घेऊन दुकानात आला. "लोकांना रंग पाहिजे तर रंग देऊ. आपण कोण अडवणारे?"

मी पिशवी उचलली, दुकानासमोरच्या गटारात रिकामी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. गटार लाल! पार कोपऱ्यापर्यंत लाल ओघळ गेला.

समोरचे मेडिकलवाले धापा टाकत आले, हातात कापूस आणि पट्टी. "वहिनी, काय केलंत? दादा शुद्धीवर आहेत ना?"

सगळी पेठ हसली. हे मात्र हसले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. टपऱ्या परत आल्या तर ठीक. नाहीतर ती पावडर ठेवायची किंवा शटर ओढायचं. तू ठरव." सासऱ्यांचं दुकान बंद करायचं, नाहीतर त्याच दुकानात बसून लोकांना रंग पाजायचा!

* * *

आमच्याकडे मयत झालेल्या घरी भेटायला जाताना चहापावडर आणि साखर नेतात. त्या घरी माणसांची रीघ असते, म्हणून ही पद्धत. चांगलीच आहे. पण माणसं दुकानात येऊन म्हणतात काय? "दुखवट्याला न्यायचीय, हलक्यातली द्या. तितं कोन चव बघतंय?" संताप होतो माझा! जी घरं रडतायत, त्यांना कचरा पाजता?

एकदा असंच एका गिऱ्हाइकाला मी झापत होते. मागे हिर्डोशीचे तात्या उभे होते. वय झालेलं, पण एसटीने एकटे येणारे. पुढे झाले आणि म्हणाले, "पोरी, मला ममरी दे. चांगल्यातली, वर जरा पत्ती टाक. भरपूर बांध."

"घरी कार्य आहे का तात्या?"

"माजाच दुखवटा. पाव्हनं असली पावडर आननार, मंग माज्या नावानं लोकं तोंड वाकडं करनार. त्यापरीस आपला च्या आपुन ठिवल्याला बरा."

"अहो काहीतरीच काय बोलता! आणि चहा असा ठेवून टिकत नाही. वास उडतो."

"मंग वर्सभरात न्हाई मेलो तर बदलून दे!"

* * *

दिवाळी तोंडावर आली तरी एकही टपरी परत आली नव्हती. ह्यांनी टेम्पोवाल्याला पोत्याचं सांगूनही ठेवलं होतं. तेवढ्यात निरोप आला, बबनचे वडील गेले. मी म्हटलं, मी येणार नाही. हे म्हणाले, "म्हातारा आपल्या वडिलांचा माणूस होता. चल." म्हाताऱ्याला आवडायचं तेच मिश्रण मी केलं, पुडी बांधली आणि पालीला गेलो.

ओटीवर माणसं बसली होती. बबनने पुढे होऊन पुडी हातात घेतली, मान खाली घातली आणि आत गेला. आम्हाला आतल्या दाराशीच बसवलं. लगेच चहा आला. लालभडक! मी कप हातात तसाच धरून ठेवला. ह्यांनी मात्र सवयीप्रमाणे बशीत ओतला आणि बशी तोंडाशी नेली.

दाराच्या आडून बबनचा आवाज आला. बायकोला हळूच सांगत होता, "भाईरच्यास्नी हाय त्यातलाच दे. म्हातारीला त्यो नगं. तिला वैनींच्या पुडीतला कर."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भरलेली बशी तशीच खाली ठेवली.