हवा विकणाऱ्याचे इवाई

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं, आणि तेही एक शब्द खोटा न बोलता. चिखलीतलं माझं कूलरचं दुकान मी हातगाडीपासून उभं केलं. देवापुढच्या नारळाचाही भाव पाडल्याशिवाय मी पायरी चढत नाही. मला ठकवणारा अजून जन्मायचाय, असं मी समजत होतो. तो जवळच्याच उंद्री गावात आधीच जन्मून, म्हातारा होऊन, माझ्या लेकीचा सासरा झालेला होता. आता लेकीच्या सासऱ्यावर ओरडता येतं का? माझ्यासारख्या तापट माणसावर याहून मोठा अन्याय नाही.

आम्ही व्याह्याला इवाई म्हणतो. तर पुढाऱ्यांच्या भाषणावर इवाईंइतका अविश्वास अख्ख्या जिल्ह्यात कोणाचा नसेल, आणि तरी ते एक सभा चुकवत नाहीत. हल्ली सगळेच पुढारी हवामान बदलावर बोलतात. इवाई म्हणतात, "मागल्या खेपेले याची हवा होती, आता नाही. म्हनून तो म्हनते, हवा बदलली!" एकदा एक पुढारी टिपेच्या आवाजात सांगत होता की पृथ्वी धापा टाकतेय, वाचवायची ही शेवटची संधी. इवाई उठले, मांडवाबाहेर जाऊन त्याच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तिथूनच ओरडले, "साहेब, पृथ्वीचं मंग पाहू, तुमची गाडी उभ्या उभ्या धापा टाकून राह्यली! एसी बंद करा ना बे, ड्रायव्हर!" सभा तिथेच फुटली. शेवटच्या संधीबद्दल तर त्यांचं म्हणणं असं की, "साड्याच्या सेलवर 'शेवटचे दोन दिवस' लिहिलेलं फडकं उन्हानं फाटलं, पन ते दोन दिवस काही सरले नाही." सभेच्या शेवटी वसुंधरा वाचवण्याची शपथ असते. सगळे हात वर करतात, इवाई मांडीवर हात ठेवून बसतात. "हात वर कराची सवय त्याह्यले हाय, आपल्याले नाही."

बाजाराच्या दिवशी इवाई माझ्या दुकानापुढच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून ही सगळी भाषणं नकलांसकट परत करायचे. गिऱ्हाईक हसता हसता कूलर घेऊन जायचं. मलाही सोडायचे नाहीत. "इवाई, तुमचा अन् पुढाऱ्याचा धंदा एकच. ऊन दाखवाचं अन् हवा विकाची!" मी पोट धरून हसायचो.

हसलो, तिथेच फसलो. निंबामुळे माझा नवा बोर्ड झाकला जात होता. बायको म्हणाली, "टीव्हीवर सांगून राह्यले, ऊन वाढनार हाय. राहू द्या झाड." मी म्हणालो, "इवाई म्हणतात, ती सगळी हवा आहे." झाड पाडलं. लाकडाच्या सौद्यात आरागिरणीवाल्याला रडवलं.

एप्रिलमध्ये दुकानाचं शटर तव्यासारखं तापलं. पुढे गिऱ्हाईक उभं राहीना. बोर्ड मात्र लांबून झकास दिसत होता. तावातावाने उंद्री गाठली, तर इवाई शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाज टाकून पडलेले, आणि धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निंबच निंब! सगळे त्यांनीच लावलेले, शपथ न घेता.

"इवाई, तुम्हीच म्हणत होते ना, सगळं खोटं?" लेकीसाठी मी आवाज गिळून विचारलं.

ते उठून बसले. "मी भाषनाले खोटं म्हनलं. उन्हाले कवा म्हनलं? अन् तुम्ही झाड काऊन तोडलं?"

पुढच्या बाजाराला ते दुकानी आले. नेहमीच्या जागी क्षणभर उभे राहिले, वर पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला आणि "येतो, इवाई," म्हणून एसटी स्टँडकडे गेले. त्यानंतर आलेच नाहीत. आता बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात फक्त कूलर बोलतात, आणि त्यांना नकला येत नाहीत.

पण मी सौदा अर्धवट सोडणारा माणूस नाही. माझी सावली गेली, सोबत गेली. याचा जबाब कोणीतरी दिलाच पाहिजे. पुढारी तर हात वर करतील. तेव्हा इवाई, जबाब तुमच्याकडेच मागतो. समोरासमोर, माझ्या दुकानात येऊन द्या. खुर्ची त्याच जागी मांडली आहे. दोन्ही बाजूंनी कूलर लावतो. हवा फुकट.