भाट्याच्या वाळूत निम्मी ताई-ची

बातमी आली त्या दिवशी मी मिरकरवाड्याला बांगडे निवडत होतो. रोजची सकाळ, रोजचीच घासाघीस. मासेवाली म्हणत होती, सर, डोळे बघा, डोळे. तेवढ्यात फोन वाजला. सुनीता, माझी बायको, शाळेत वर्गावर शिकवताना कोसळली होती. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गमतीचे किस्से सांगायला बसलो आणि सुरुवात ही, हे मला कळतं. पण ते सुरू झाले ते इथूनच. शिवाय असे किस्से कोणी जमवायला जात नाही. चारपाच पिकल्या केसांची माणसं सकाळी भाट्याच्या समुद्रावर एका पायावर उभी राहायला लागली, की ते आपोआप साठतात.

*

त्या दिवसानंतर फोन वाजला की माझी छाती धडधडायची, हात गार पडायचे, श्वास वरच्या वर अडकायचा. मी फोन कायमचा सायलेंटवर टाकला. माझी मुलगी मृण्मयी पुण्याला नोकरी करते. ती आधी ‘सगळं ठीक आहे, आता फोन करते’ असा मेसेज टाकायची आणि मग फोन करायची. तरी मी उचलायचो नाही.

दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं सांगून टाकलं, "मे महिन्यापर्यंत बघते, बाबा. तोवर फोन उचलायला लागला नाहीस तर इथे कुलूप, आणि तू माझ्याकडे."

पुण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला रत्नागिरी सोडायची नव्हती. घाबरून तर नव्हतीच.

डॉक्टरांनी गोळी दिली, तिचा उपयोगही झाला. बरोबर काहीतरी व्यायाम करा म्हणाले, आणि श्वासाकडे लक्ष द्या म्हणाले. मी लक्ष दिलं की श्वास अवघडायचा, पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला उभं केलेल्या मुलासारखा.

हे मी शेजारच्या नलूताईंना सांगितलं. त्या पोस्टातून रिटायर झालेल्या, सुनीताची मैत्रीण. त्या म्हणाल्या, "भावोजी, उद्या भाट्याला चला. तिथं श्वासाकडे बघायला सवडच मिळत नाही. आपला पाय कुठे पडतोय ते बघण्यात सकाळ जाते."

*

भाट्याला शिकवतात ते राजिवड्याचे इस्माईलभाई. जन्म मालवाहू जहाजांवर गेला. सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणून रिटायर झाले. कुजबुजले तरी खाडीपलीकडे मांडवीला ऐकू जाईल असा आवाज.

एकदा त्यांचं जहाज चीनमधल्या एका बंदरात दुरुस्तीला गोदीत लागलं होतं. गेटासमोरच्या बागेत एक म्हातारी रोज ताई-ची, म्हणजे तो सावकाश हातपाय हलवायचा चिनी व्यायाम, करायची. हे तिच्या मागे जाऊन उभे राहायचे. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. निम्मं शिकून झालं आणि जहाज सुटलं.

त्यामुळे आमची ताई-चीही निम्मीच आहे. उजवा पाय उचललेला, दोन्ही हात पसरलेले, तोंड समुद्राकडे, अशी ती मध्येच संपते. तिथं इस्माईलभाई म्हणतात, "बस. जहाज सुटलं." आम्ही पाय खाली ठेवतो आणि चहाला जातो.

मध्यंतरी बँकेतले एक साहेब यायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, पुढचा भाग कधी घेणार?

नलूताई म्हणाल्या, "आधी तुमचा पाय तर वर येऊ दे."

*

माझ्या पहिल्याच आठवड्यात कोणाचातरी फोन वाजला. माझा नव्हता, पण शरीराला ते कुठलं कळायला! वाळू फिरायला लागली. मी खाली बसायला गेलो तर मागून इस्माईलभाईंचा आवाज आला.

"सर, बसायचं नाय. वादळात इंजिन बंद करत नाहीत. हळू करतात."

मी हळू केलं. हात हलत राहिले. बाकी कोणी वळून बघितलं नाही. पाणी आणा, वारा घाला, काही नाही. एरवी आपल्याकडे माणूस नुसता शिंकला तरी चार सल्ले मिळतात. मला त्या न बघण्याचं फार बरं वाटलं.

चहा पिताना ते म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा मी त्या गोदीतच होतो. खबर आली तोवर दफन झालेलं. कुठं जाणार? गेटाबाहेर आलो, ती म्हातारी दिसली. तिनं माझ्याकडे बघितलं, अन् हातानं खूण केली, मागं उभा राहा."

मग त्यांनी दुसरा चहा सांगितला.

*

एकदा आम्ही शेवटच्या अवस्थेपर्यंत आलो होतो. पाय वर, हात पसरलेले. राजिवड्याच्या खाडीकडे परतणारी एक होडी अचानक वळली आणि थेट आमच्या रोखानं यायला लागली. उथळ पाण्यात पोचते न पोचते तोच दोघांनी उड्या टाकल्या आणि कमरेएवढ्या पाण्यातून धावत आले.

"काय झाला? कोण बुडला?"

एवढी माणसं किनाऱ्यावर उभी राहून सावकाश हात हलवताहेत, म्हणजे मदतीलाच बोलावत असणार, असं त्यांना वाटलं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही सगळे ओशाळलो. पाय अजून वर होता तो एकट्या नलूताईंचा.

"कोणी बुडलं नाही रे बाबांनो," त्या म्हणाल्या. "बुडू नये म्हणूनच चाललंय हे."

त्यांनी होडीतून आम्हाला पिशवीभर मांदेली काढून दिली. त्यानंतर त्या होडीतले लोक सकाळी जाता-येता आम्हाला हात करतात. मुद्दाम सावकाश.

*

माझे थोरले भाऊ, दादा, संगमेश्वरला असतात. त्यांच्यापर्यंत कोणीतरी बातमी पोचवली, की तुमचा भाऊ समुद्रावर बायकांबरोबर नाचतो. दादा पहिल्या एसटीनं आले. हातपाय धुवायच्या आधीच सुरू झाले. वर्ष व्हायचंय अजून, लोक काय म्हणतील, आणि घाबरायला काय झालंय पुरुषमाणसाला?

मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "दादा, मी रडत होतो तेव्हा लोक दहाव्या दिवसापर्यंत आले. मी उभा राहतोय तिथं चार माणसं अजून रोज येताहेत. उद्या सकाळी तुम्हीही या."

दादा आले. धोतराचा सोगा हातात धरून सुरूच्या झाडाखाली उभे राहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत टक लावून बघितलं. परतताना भाट्याच्या पुलावर ते माझ्या पुढे चालत होते. मी मनाची तयारी करून ठेवली होती.

पुलाच्या मध्यावर थांबून म्हणाले, "तुझा डावा हात खाली राहतो. त्या बाईंचा बघ."

*

मे महिना लागला. एक दिवस मी घरून निघताना फोनचा आवाज सुरू केला. कोणाला सांगितलं नाही. पिशवी नेहमीप्रमाणे सुरूच्या फांदीला अडकवली, आत फोन. आम्ही शेवटचा पाय उचलतोय, तोच तो वाजायला लागला.

नलूताई बंद करायला धावल्या. इस्माईलभाई जागेवरून म्हणाले, "राहू दे, ताई. त्याचं काम वाजायचं आहे."

छातीत धडधडलंच. हातही गार पडले. मी हळू केलं. चालत गेलो, पिशवीत हात घातला, फोन कानाला लावला आणि म्हणालो, "बोल."

मग मृण्मयी म्हणाली, "बाबा? तू उचललास?"

"हो. पण लवकर बोल. इथं सगळे माझ्यासाठी एका पायावर थांबलेत."

खरंच थांबले होते. बँकेतले साहेबसुद्धा.

*

कुलपाचा विषय निघेनासा झाला. मृण्मयी इतकी खूश, की आमची निम्मीच ताई-ची तिला बघवेना. तिनं कुठूनतरी शोधून पूर्ण ताई-चीचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, ‘आता पुढचं पण शिका!’

मी दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना दाखवायला घेतला. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या काठावर फोन टेकवला. सगळे वाकून बघायला लागले. पांढऱ्या कपड्यातली एक बाई, मागे बाग. तेच हात, तीच वळणं. नलूताई पुटपुटल्या, "बघा, आपलं बरोबर आहे हं." साहेबांनी चष्मा पुसून घेतला.

ती बाई आमचं जहाज सुटतं त्या जागेपर्यंत आली. उजवा पाय उचलला, हात पसरले.

इस्माईलभाईंचं जाड बोट पुढे आलं आणि पडद्यावर टेकलं. व्हिडिओ थांबला. बाई एका पायावर तशीच राहिली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग मी फोन उचलून पिशवीत ठेवला.

"चला," नलूताई म्हणाल्या, "चहा गार होईल." चहा अजून सांगितलासुद्धा नव्हता.

व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. त्यातला पुढचा भाग आम्ही बघितलेला नाही.