काकी सांगते ते वादळ

माझी मुलगी सात वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा असताना मी त्यांना रोज बायबलमधली एक गोष्ट सांगायचे. संध्याकाळची प्रार्थना झाली की दोघांना ओट्यावर बसवायचं, पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं दाखवायची आणि शेवटी प्रश्न विचारायचे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. गोष्ट कशी सांगायची हे मला कळतं, याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी धाकट्या दिरांचं लग्न झालं. आमची केळी-भाजीची वाडी, तर जाऊ समुद्रकाठच्या कोळीवाड्यातली. शिक्षण सातवीपर्यंत. कामाला चटपटीत, बोलायला कमी. मला ती आवडलीही होती.

एकदा शाळेत पेपर तपासता तपासता उशीर झाला. घरी आले तर ओट्यावरून आवाज येत होता. चपला काढता काढता मी थबकले. जाऊ पाटावर पाय दुमडून बसली होती, पाट म्हणजे होडी. पदर वर धरला होता, ते शीड. दोन्ही मुलं तिला चिकटलेली.

"पानी आत यायला लागलं," ती म्हणत होती. "वारा असा, की शेजारच्याची हाक ऐकू येत नाय. आणि येशू कुठं? मागं, जाळ्याचं गाठोडं उशाला घेऊन गाढ झोपलेला!"

मुलगा किंचाळला, "उठवा त्याला!"

हीच गोष्ट मी आठवड्यापूर्वी सांगितली होती, तेव्हा तो माझ्या मांडीवर झोपून गेला होता.

त्यानंतर रोज "काकी, गोष्ट" सुरू झालं. मी चित्रं काढून बसले तरी मुलांचे कान स्वयंपाकघराकडे असायचे. मला राग यायचा, आणि तो राग मुलांचा नव्हता. मी डी.एड. केलेली, मी आई, आणि ही चार महिन्यांपूर्वी आलेली! कधी गृहपाठ काढ, कधी पाढे म्हणून घे, असं करून मी तिची गोष्टीची वेळ खायला लागले.

तेवढ्यानं भागेना, तेव्हा मी बायबल उघडून मुलीला येशू झोपल्याची ओळ दाखवली. "बघ, इथे उशी लिहिलंय. जाळं कुठे आहे? काकी मनाचं सांगते."

मुलगी खरं बोलण्यात पक्की. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर सगळे जेवायला बसले होते. सासूबाई, दीर, माझा नवरा, सगळे. ती मोठ्यानं म्हणाली, "काकी, आई म्हणते तू खोटं सांगतेस."

जाऊ भात वाढत होती. तिनं वाढणं थांबवलं नाही. "आई बरोबर सांगते, बाय. मी कमी शिकलेली."

तिनं गोष्टी सांगणं बंद केलं. माझी जागा मला परत मिळाली. मुलं ताठ बसायची, अचूक उत्तरं द्यायची. एकदा मुलानं विचारलं, "आई, वारा कसा होता?"

"जोराचा."

"म्हणजे कसा?"

समुद्र सायकलच्या अंतरावर, पण मी कधी होडीत बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जाऊ मागच्या दारी मासे साफ करत होती. मी तिथे जाऊन म्हटलं, "मुलांना तो वारा सांग ना."

"बायबलात नाय तो, वहिनी." तिनं वर पाहिलं नाही.

मग तिनंच सांगितलं. ती लहान असताना तिचा बाप वादळात अडकला होता. दोन दिवस त्याची होडी परतली नाही. आई किनाऱ्यावर बसून राहिली. "तिसऱ्या दिवशी दुसऱ्या होडीवाल्यांना सापडला. आत झोपलेला. दमून. जाळ्यावर डोकं ठेवून. मला वाटलं, येशू पन तसाच झोपला असंल."

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मुलांसमोर तसं बोलायला नको होतं."

"जाऊ दे," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघायला तिला जरा वेळ लागला.

गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. मी वाचायचे, ती सांगायची, आणि मुलं तिलाच टेकायची. मी हसत असायचे. आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं.

दोन वर्षांनी दिरांनी शहराकडे, आचोळ्याला फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढत असताना जाऊ म्हणाली, "शनिवारी पोरांना पाठवत जा, वहिनी."

मी पाठवत राहिले. आणि एका शनिवारी, काही कारण नसताना, मुलाला ताप आहे असं सांगून नाही पाठवलं. त्या संध्याकाळी दोघांना घेऊन मी ओट्यावर बसले. दोघंही फाटकाकडे बघत होती.