शेळीची हाक

चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडं आहे, चुका पोटात घालाव्या.

लेक दोन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. शेजारच्या काकू म्हणायच्या, “मायच मुकी, लेकरू काहून बोलंल?” मला घोर लागला. नवरा हळद शिजवायला परगावी गेलेला, संध्याकाळी घरात आम्ही दोघीच. मी लाजाळू. तोंड उघडायचे ते भाकरी दाखवून शेळीला बोलवायला, “ये बाई, ये!”

एका संध्याकाळी नवरा परत आला. लेक हातातला भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे धरून म्हणाली, “ये बाई, ये!”

नवरा दारातच रांगायला लागला, “बेंऽ” करत. मी मोठ्यानं हसले. काकू धावत आल्या, “काय होऊन राहिलं गं?”

लेकीनं तुकडा त्यांच्यापुढे धरला. “ये बाई, ये!”

काकूंनी तो मुकाट्यानं खाल्ला.