गाडीच्या नंबरामागून आलेलं नाव

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ माणसं कोठडीत टाकली. बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत, आणि आठवावेत असंही काही नाही. एक ट्रकचालक मात्र डोक्यातून जात नाही. त्याने काहीच केलं नव्हतं आणि मी त्याला चार दिवस आत ठेवलं.

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना आमच्या नेहमीच्या खबऱ्याचा फोन आला. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंद ढाब्यामागे ट्रक उभा आहे, ताडपत्री बांधलेली आहे, पण टायर बघून गाडी रिकामी वाटते, असं तो म्हणाला. पूर्वी हमाली केलेला माणूस, त्याला टायर बघून कळायचं. आम्ही गेलो. गाडी रिकामीच. चामोर्शी रस्त्यावरच्या एका राइस मिलमधून आदल्या दिवशी तांदूळ भरून ती चंद्रपूरला निघाली होती आणि पोचलीच नव्हती. मिलच्या मॅनेजरने फिर्याद दिली आणि चलनाची, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या पावतीची, कार्यालयीन प्रत जोडली. गाडीचा नंबर, चालकाचं नाव, लायसन्स, मोबाइल, सगळं स्वच्छ छापलेलं. चालकाची सही असलेली प्रत गाडीबरोबर गेली होती, ती गायब. दुपारच्या जेवणाआधी गुन्हा उघडकीस आला म्हणून मी खुशीत होतो.

चालक पन्नाशीचा, तळ्याकाठच्या गावात एकटा राहणारा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात राखेने भांडी घासत होता. एक ताट, एक वाटी, एक गंज. हात धुऊन निमूटपणे जीपमध्ये बसला. निमूट बसणाऱ्याचा पोलिसाला जास्त संशय येतो, ही आमची जुनी खोड.

"काल कुठी होता तू?"

"तळ्यावर, साहेब. गरी टाकून बसलो होतो. सुट्टी होती."

"कोणी पाह्यलं?"

"नाई."

"सुट्टी कोणाले सांगून घेतली?"

"मॅनेजरले."

मॅनेजरला विचारलं, तर त्याने साफ कानांवर हात ठेवले.

"मोबाइल काऊन बंद होता?"

"वाजतच नाई, साहेब. चालू ठेवून काय करू?"

मी टेबलावर हात आपटला. मला वाटलं, हा मला खेळवतो आहे. हे उत्तर खरं असू शकतं, असं माझ्या मनातही आलं नाही. अटकेची माहिती कोणाला तरी कळवावी लागते, म्हणून हवालदाराने त्याला कोणाला कळवायचं ते विचारलं. तो बराच वेळ आठवत बसला आणि शेवटी म्हणाला, "मॅनेजरलेच सांगा." हवालदार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, लिही.

न्यायालयाने तीन दिवसांची कोठडी दिली. त्या तीन दिवसांत त्याचं म्हणणं तसूभरही बदललं नाही. तांदूळही सापडला नाही. तिसऱ्या दिवशी मी कागद तपासायला मिलमध्ये गेलो. हिशेबाच्या संगणकावर चामोर्शीची एक बाई बसायची, हात भलताच चपळ. पंचनाम्यासाठी मी तिला माझ्यासमोर एक चलन करायला सांगितलं. तिने गाडीचा नंबर टाकला. मी चष्मा डोळ्यांना लावेपर्यंत बाकीचे सगळे रकाने भरलेले होते, चालकाच्या नावासकट.

"नाव तुम्ही टाकलं नाही?"

"नाई, साहेब. आधी सारं हातानं टाकत होतो, तं गाड्यांची रांग लागे. मंग सॉफ्टवेअरवाल्यानं लिंक करून देलं. गाडीचा नंबर टाकला का त्याच्याशी जोडलेलं सारं आपोआप येते."

"आणि गाडीवर दुसराच कोणी बसला असला तर?"

तिचे हात थांबले. "तरी हेच नाव येते. बदलता येते, पण मले इथून गाडीवर कोण हाये ते दिसतच नाई."

मी त्या गाडीची वर्षभराची चलनं काढून घेतली आणि ठाण्यात येऊन चालकाला विचारलं, तू कामावर नव्हतास आणि ते लोकांनी पाहिलं, असा एक तरी दिवस सांग.

"पावसाळ्यात मलेरिया झाला होता. सहा दिवस सरकारी दवाखान्यात सलाइनवर होतो."

दवाखान्याचे केसपेपर मागवले. त्या सहा दिवसांत संगणकानुसार त्याने चंद्रपूरच्या तीन फेऱ्या मारल्या होत्या.

केसपेपर आणि चलनं शेजारीशेजारी ठेवल्यावर मॅनेजरचा चेहरा उतरला. दोन्ही वेळा त्याने आपल्या साळ्याला बदली म्हणून पाठवलं होतं. साळ्याकडे लायसन्सही नव्हतं. ते उघड झालं तर मालक काढून टाकेल, म्हणून त्याने सुट्टीची गोष्ट दाबली. साळ्याने एका गोदामात दडवलेला तांदूळ काढून दिला.

संगणकाला दोष देणं सोपं आहे. पण मी काय वेगळं केलं? चलनातलं नाव फिर्यादीत आलं, फिर्यादीतून अटकेच्या कागदात, तिथून कोठडीच्या अर्जात. प्रत्येक ठिकाणी मी सही केली आणि एकदाही थांबलो नाही.

चौथ्या दिवशी न्यायालयात अहवाल देऊन त्याला सोडलं. मी म्हणालो, "भाऊ, चूक आमची झाली. गावात तसं सांगा." तो जागचा हलला नाही.

"मी सांगून कोण आयकते, साहेब? तुमची गाडी मले न्याले आली तवा सारं गाव उभं होतं. तुमीच चला."

गेलो. हातपंपाजवळ जीप उभी केली, जमलेल्या लोकांना सांगितलं की या माणसाने काही केलेलं नाही, त्या दिवशी तो तळ्यावर होता. एक म्हातारी म्हणाली, "आमाले तं नाई दिसला. तुमी कशावरून म्हनता?"

तो खाली बघत होता. मी म्हणालो, "मी सोता पाह्यलं त्याले. त्या दिवशी तळ्याच्या पारीवरूनच गेलो मी."

त्याने चमकून वर पाहिलं. लोक हळूहळू पांगले. म्हातारी त्याला म्हणाली, "जेवला का रे?" आणि तो रडायला लागला.

आता मी चंद्रपुरात एकटाच राहतो. पत्नी गेली, मुलं लांब आहेत. काल दिवसभर मी कुठे होतो, हे सांगणारं माझ्याकडेही कोणी नाही. एकट्या माणसाने आपलं खरं कोणाच्या तोंडून वदवायचं, हा प्रश्न त्या प्रकरणाआधी मला पडलाच नव्हता. उभ्या नोकरीत मी दिलेली ती एकच खोटी साक्ष. तिची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती आधीच्या चार दिवसांची.